वाळ्याच्या ताटीची दोरी

आज सकाळी मी आमच्या परसात स्वतःच्या हातानं छपराच्या मेढी पुरायला खड्डे खणले, आणि दुपारपर्यंत नांदूरघाटात माझ्या नावानं बोंब झाली. घरात सून सात महिन्यांची पोटुशी असताना सासूच पहार घेऊन जमीन उकरते, म्हणजे म्हातारीचं डोकं फिरलं, असं सगळ्यांचं मत पडलं. शेजारची ताराबाई तर कुंपणापाशी येऊन उभीच राहिली.

"अवं शिवकन्याबाई, पोटुशी घरात आसताना मेढ पुरत न्हाईत. तुमाला का सांगाया पायजे?"

"न्हाई पायजे," मी म्हटलं. "मला ठावं हाय, म्हनूनच खनाया लागले."

ती तोंडाला पदर लावून निघून गेली. जाईना का. मी चार मेढी पुरल्या, वर कापसाच्या पऱ्हाट्यांचं छप्पर घातलं, खाली उभं राहून सावली किती पडते ते पाहिलं, आणि मगच माझ्या लेकाला, राधाकिशनला, त्यानं केजहून आणलेल्या ताटीला हात लावू दिला.

ताटी म्हणजे वाळ्याची. बांबूची चौकट आणि तिच्यात दाबून भरलेल्या वाळ्याच्या मुळ्या. वाऱ्याच्या बाजूच्या दारात ती बसवायची, बाहेरून पाणी मारत राहायचं, म्हणजे बाहेरची झळ आत येताना गार होऊन येते. राधाकिशनला वाटतं, आईला असल्या वस्तूचं नवल वाटेल. त्याला काय माहीत, याच दारात अशीच ताटी होती तेव्हा तो माझ्या पोटात होता. त्याला मी कधी सांगितलं नाही. त्याच्या बापालाही सांगितलं नाही, आणि आता तर ते राहिलेही नाहीत.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि दोन लेकरं मातीत घालून बसले होते. पहिलं वैशाखात झालं, ते रडलंच नाही. दुसरं ज्येष्ठात झालं, तीन दिवस राहिलं, आणि चौथ्या दिवशी अंग तापून गेलं. तिसऱ्या वेळी दिवस मोजले तर पुन्हा ज्येष्ठच येत होता. मला रात्रीची झोप नव्हती. हेही जाणार, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

माझ्या सासूबाईंचं नाव बायनाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांची जीभ अशी होती की त्या बोलायला लागल्या की गोठ्यातली गुरंसुद्धा कान पाडायची. सासरे लवकर गेले, एकुलता एक लेक त्यांनीच वाढवला, शेतीही त्यांनीच राखली. गोड बोलायला सवड मिळाली नसावी. दुसरं लेकरू गेलं तेव्हा विहिरीवर चार बायांच्या देखत त्या म्हणाल्या होत्या, "पाळना टांगाया कडी हाय आमच्या घरात, पाळन्यात घालाया काय न्हाई." ते मी गाठीला बांधून ठेवलं. त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायची, आणि मनात मात्र दिवसभर भांडायची.

तरी चैत्र संपता संपता त्यांनीच मला बैलगाडीत घातलं आणि केजला हकीम जलालुद्दीन यांच्याकडे नेलं. हकिमांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, दोन्ही लेकरांची हकीकत विचारली.

"हिच्या अंगात गर्मी लई हाय," ते आत्याबाईंना म्हणाले. "भाईरची झळ त्यात आनखी भर घालती, आन ती लेकराला सोसत न्हाई. बाळंत होईपत्तर हिला उन्हात काढू नका. जितकी थंड ठेवाल, तितकं लेकरू वाचंल."

ते खरं होतं की खोटं, मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी मात्र आम्ही दोघींनी ते शब्द एकसारखे ऐकले. आमच्यात तेवढं एकच एकसारखं होतं.

परतताना गाडी तहसील कचेरीवरून गेली. कचेरीच्या दारात वाळ्याची ताटी बसवलेली, आणि एक भिस्ती पखालीतून तिच्यावर पाणी मारत होता. आत्याबाईंनी गाडी थांबवायला लावली आणि थेट दारावरच्या शिपायाला विचारलं, "आत खरंच गार लागतंय का रं?"

शिपाई हसला. "बाई, आत बसलेला साहेब दुपारचं घोंगडं मागतो."

त्या बराच वेळ ताटीकडं बघत उभ्या राहिल्या. मग विचारलं, "ही कुनी केली?"

आठवड्याभरात केजचा हबीब तट्टावर वाळ्याचे भारे लादून आमच्या दारात आला. बोलका माणूस, पण हाताला घाई नाही. त्यानं आधी ओलं बोट वर धरून वारा बघितला, मग माजघराच्या मावळतीच्या दाराचं माप घेतलं. समोरची उगवतीकडची खिडकी त्यानं सताड उघडली.

"ही बंद करायची न्हाई," तो म्हणाला. "हवा हिकडून येनार, तिकडून जानार. हिला जायाला वाट न्हाई दिली तर आत नुसती वाफ कोंडंल."

ताटी विणायला त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती दारात उभी केली आणि त्यानं खिळे काढले. आत्याबाई मध्ये आल्या.

"खिळा न्हाई मारायचा. घरात पोटुशी हाय."

"मग ताटी राहनार कशी, बाई?"

"बांध. कडीला बांध, बिजागरीला बांध. पन ठोकायचं न्हाई."

हबीब कुरकुरला, पण त्यानं काथ्यानं ताटी अशी आवळली की हलेना. मग बाहेर गेला आणि पायानं मातीत चार खुणा केल्या. "हितं चार मेढी पुरा आन वर छप्पर घाला. पानी मारनाऱ्याला सावली पायजे."

"मेढ तर मुळीच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "गरवारशी घरात आसताना जमीन खनत न्हाईत. दोन लेकरं गेली माझी. तिसऱ्याला मी पहार लावू का?"

"मग बाज उभी करा आडोशाला."

पण त्याचं त्यालाच हसू आलं. बाज उभी केली तर वारा अडणार, आणि वारा अडला तर ताटी कशाला हवी? डोक्यावर सावली हवी होती, ती मेढींशिवाय होत नव्हती, आणि भिंतीला दोरी बांधून वर घोंगडं ताणावं तर खुंटी ठोकावी लागत होती. हबीबनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"बाई, ह्या धंद्यात म्या लई बघितलं. आत जितकं गार, तितका भाईरचा मानूस तपतो. आमच्यातले भिस्ती तासातासाला बदलतात. तुमच्याकडं कोन उभा राहनार?"

"म्या राहनार," आत्याबाई म्हणाल्या. "सुनंच्या खोलीच्या दारात परका गडी दिसभर उभा करू का? आन डोक्यावर पदर हाय माझ्या."

पोटुशी बाई घरात असली की खणू नये, ठोकू नये, हे मलाही लहानपणापासून ठाऊक होतं. आत बसून मी सगळं ऐकत होते आणि मीही मान डोलावली होती. हे मी मुद्दाम सांगते. त्यांची एकटीची चूक होती असं कुणाला वाटू नये.

जाताना हबीबनं एक दोरी लावून दिली. तिचं एक टोक माझ्या बाजेपाशी, दुसरं ताटीच्या कडेनं बाहेर, आणि त्या टोकाला घुंगरू. गारवा कमी वाटला की मी दोरी ओढायची, घुंगरू वाजायचं, बाहेरून पाणी पडायचं.

पहिल्या दुपारी आत्याबाईंनी तांब्या मारला आणि वाळ्यातून जो वारा आला, तो मी जन्मात विसरणार नाही. मातीचा, मुळांचा वास. अंगावरचा घाम सुकला, पोटातलं लेकरू हललं, आणि मला रडू आलं. मला वाटलं, हे जगेल. पहिल्यांदाच तसं वाटलं.

माझे मालक गाड्या घेऊन बार्शीला गेलेले. आमचा गडी सटवा विहिरीवरून घागरी आणून परसात ठेवायचा. दिवस चढला, वारा सुटला की आत्याबाई तांब्या घेऊन बाहेर उभ्या राहायच्या, ते दिवस कलेपर्यंत. सकाळी भाकरी द्यायला त्या आत यायच्या तेव्हा ताटी कोरडी असायची. संध्याकाळी यायच्या तेव्हा वारा पडलेला असायचा. चेहरा रापून काळा पडला होता, ओठ फुटले होते. मी पाहत होते. बोलत नव्हते.

आणि आता जे सांगायचं ते सांगते. मला ती दोरी ओढायला आवडायला लागलं.

सासरी आल्यापासून चार वर्षं मी त्यांच्या हाकेला धावत होते. शिवकन्ये, शेण काढ. शिवकन्ये, दळण घे. आता मी पडल्या पडल्या दोरी ओढायची आणि बाहेर आत्याबाई उठायच्या. गारवा असायचा, तरी मी ओढायची. डोळा लागला आणि उघडला की ओढायची. विहिरीवरचं ते बोलणं आठवलं की तर दोनदा ओढायची. पाणी सपकन पडायचं आणि मला आत कुठंतरी समाधान वाटायचं. एवढी क्षुद्र होते मी.

काही दिवसांनी घुंगराचा आवाज येईनासा झाला. पाणी मात्र आधीपेक्षा लवकर पडायला लागलं, दोरी ओढली की लगेच. मला वाटलं, घुंगरू गळून पडलं असेल, आणि आता त्या दोरीकडं बघतच बसत असतील. तेही मला बरंच वाटलं.

वैशाख सरत आला तसं ऊन असं झालं की माळावरची पाखरं झाडाखालून हलेनात. जवळच्या विहिरीचं पाणी खाली गेलं, सटवाला लांबच्या विहिरीवर जावं लागायचं. त्या सकाळी भाकरी पुढं ठेवताना आत्याबाई म्हणाल्या, "दोरी म्हंजी काय बैलाची येसन हाय का गं? उठता बसता वढतीस ती."

त्या थकल्या होत्या. मला ते तेव्हाही दिसलं होतं. पण माझ्या तोंडून गेलं, "तुमाला नातू पायजे ना, आत्याबाई? मग मारा पानी."

एवढी फटकळ बाई, तिनं नुसतं भाकरीवर झाकण घातलं आणि बाहेर गेली.

दुपारी मी दोरी ओढली. पाणी पडलं. थोड्या वेळानं पुन्हा ओढली, पडलं. तिसऱ्यांदा ओढली, तर पडलं नाही.

मी थांबले. पुन्हा ओढली. दोरी जड लागली. ओढली की थोडी यायची आणि सोडली की परत मागं जायची. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, आत्याबाई तिकडून धरून बसल्यात, सकाळचा राग काढतायत, मी ओढते तर त्याही ओढतायत. मग मी जोरात ओढली. दोन्ही हातांनी ओढली. किती वेळा ते मोजलं नाही.

एकदा हाक मारली असती तर? एवढंच होतं, हाक मारायची. ताटीच्या पलीकडं, चार हातांवर होत्या त्या. पण मी म्हटलं, नका मारू पाणी, बघू कोण आधी नमतं. आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

ताटी वाळत गेली. आधी वास गेला, मग गारवा गेला, मग मुळ्यांतून सरळ झळच यायला लागली. पोटात लेकरू ढुशा देत होतं. मी रुसून पडून होते. तासभर तरी असेल.

मग बाहेर घागर फुटल्याचा आवाज आला आणि सटवा ओरडला, "वैनी! वैनी, भाईर या!"

ताटीचं दार तर बंद होतं. मी ओसरीवरून वळसा घालून, पोट धरून, परसात गेले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा उन्हात आले होते. पायाला जमीन सोसवेना, तेव्हा मला कळलं की त्या कशावर उभ्या राहत होत्या.

आत्याबाई भुईवर आडव्या होत्या. डोक्यावर पदराखाली ओला पंचा गुंडाळला होता, तो वाळून कडक झालेला. उजव्या हाताशी तांब्या कलंडलेला. डावा हात ताटीच्या दिशेनं लांब झाला होता. घुंगरू एका दगडावर काढून ठेवलेलं होतं.

दोरी त्यांच्या डाव्या मनगटाला बांधलेली होती. विधवेचं मनगट ते, बांगडी नसलेलं. जिथं बांगडी असावी तिथं काथ्यानं लाल वळ उमटले होते.

मी ओढत होते ती दोरी नव्हती. मी त्यांचा हात ओढत होते.

सटवानं गाठ सोडली. "वाऱ्यात घुंगरू ऐकाया येत नव्हतं बाईला," तो म्हणाला. "एक कान आधीच बंद. म्हनून आठ दिस झाले, हाताला बांधून घेतली. म्या म्हनलं वैनीला सांगतो, तर नको म्हनल्या."

"कावून?"

"म्हनल्या, तिला कळलं तर ती दोरी वढायची न्हाई. गुमान तापत पडंल."

मी होते त्याहून त्या मला बरी समजत होत्या. हे माझ्या काळजात आजही तसंच आहे, आणि कुणी बोट लावलं तर आजही दुखतं.

छाती हलत होती. सटवानं आणि मी त्यांना उचलून आत आणलं. माझ्या बाजेवर, ताटीसमोर निजवलं. कपाळावर ओलं फडकं ठेवलं, ओठांना पाणी लावलं, पण पाणी घशाखाली जाईना. अंग तव्यासारखं तापलं होतं. सटवा बाहेर धावला आणि वेड्यासारखं ताटीवर पाणी मारायला लागला. वारा आला. तोच वास, तोच गारवा. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी "आत्याबाई, आत्याबाई" म्हणत होते. तासाभरापूर्वी मारायची ती हाक आता मारत होते.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं नाही. ताटीकडं पाहिलं.

"येवढं गार लागतंय व्हय गं?" त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांत त्यांनी ते एकदाही अनुभवलं नव्हतं. केजच्या शिपायाला विचारलेला प्रश्न त्यांच्या मनात तसाच राहून गेला होता.

"व्हय आत्याबाई," मी म्हटलं. "लई गार लागतंय."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. दिवेलागणीला गेल्या.

एकोणीस दिवसांनी राधाकिशन झाला. झाल्या झाल्या असा रडला की सुईण हसली. मालकांनी गावात पेढे वाटले. माझं दूध उतरेना; मी भिंतीकडं तोंड करून रडायची, आणि बाया समजायच्या की आनंदानं रडते. ऊन लागून म्हातारी गेली, एवढंच गावाला माहीत. दोरीचं सटवाला आणि मलाच माहीत होतं, आणि सटवानंही शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. ती ताटी मी चुलीत घातली. वाळ्याचा धूर दोन दिवस घरातून गेला नाही.

आता राधाकिशनची बायको सुभद्रा त्याच माजघरात निजली आहे. पहिलटकरीण आहे, उन्हानं कासावीस होते, म्हणून त्यानं ही ताटी आणली. पाणी मारायला गडी ठेवू म्हणत होता. मी म्हटलं, पाणी मी मारणार, सावलीत बसून. मग त्यानं ताटी बसवली. खिळे ठोकून बसवली. मीच ठोकायला लावले. ताराबाईनं ते ठोकणं ऐकलं असेल. ऐकू दे.

सगळं झाल्यावर त्यानं ताटीसोबत इशाऱ्यासाठी मिळालेलं काथ्याचं एक वेटोळं काढलं आणि टोक शोधत मला विचारलं, "आई, दोरी कुठनं घिऊ?"

माझा हात माझ्याच मनगटाकडं गेला.

"दोरी नको," मी म्हटलं. "सुभद्राला म्हन, पानी पायजे तर हाक मार. आन हाकेला ओ आली न्हाई, तर रुसून बसू नको. उठून बघाया ये."